केळ्यातली गोळी

हे लिहायला बसले आणि दोन ओळी होत नाहीत तोच उठून ओट्यापर्यंत जाऊन आले. तिथं काही काम नव्हतं. आजारपण गेलं, पण जाताना ही चुळबुळ माझ्याकडे ठेवून गेलं. तुम्ही दवाखान्यात खाटेवर पडून हे वाचत असाल, आणि चादरीखाली तुमचेही पाय उगाच हलत असतील, तर घाबरू नका. माझेही हलत होते. शाळा मी चौथीपर्यंत पाहिली. पुढचं वाचणं खताच्या गोण्यांवरून, किराण्याच्या पुड्यांवरून आणि मुलांच्या पुस्तकांवरून माझं मीच शिकले. त्यामुळे लिहिते ते बोलल्यासारखंच होणार. मध्येच भरकटले तर सांभाळून घ्या.

पायांत शिसं

आमचं गाव तापीकाठी, बऱ्हाणपुरापासून जवळच. मागल्या दारापासून केळीची बाग सुरू होते ती नदीच्या उतारापर्यंत. साखर आणि बीपी मला बरीच वर्षं आहेत. मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांसारखे ते राहिले, आणि मीही त्यांचं चहापाणी करत राहिले. मागच्या उन्हाळ्यात पाय सुजायला लागले, चपलेत मावेनात. बऱ्हाणपूरच्या डॉक्टरीणबाई जबलपूरकडच्या, वयानं माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी पायावर बोट दाबून पाहिलं. खळगा तसाच राहिला.

"अम्मा, किडनी थोडी कमजोर है. दिल पे जोर पड रहा है," त्या म्हणाल्या. "एक गोली बढा रही हूँ. पानी उतरेगा. पर कुछ दिन में खून की जाँच करवाके दिखाना. भूलना नहीं."

गोळीनं गुण दिला. सूज उतरली. आणि सूज उतरल्यावर जाँच कोण करतं हो? बागेत कटाई सुरू होती, माल भरायला गाड्या दारात उभ्या होत्या. मी राहू दिलं.

मग हळूहळू ते सुरू झालं. बसले की उठावंसं वाटे, उठले की पायांत शिसं ओतल्यासारखं. पुन्हा बसावं, तर जीव वर-खाली. छातीत एक ठोका पडायचा आणि पुढचा पडायला वेळ लावायचा. तेवढ्या वेळात माझा जीव सगळ्या घरातून फिरून यायचा. कुणाला सांगावं तर काय सांगावं? "चैन पडत नाही" हे काय दुखणं झालं?

एक दिवस सकाळी धुण्याच्या दगडापाशी वाकले ती उठताच येईना. आमच्या ह्यांनी हाक मारली, माझा मुलगा नितीन धावत आला. दारात केळीची गाडी उभी होती, तळाला पानं अंथरलेली. तीत घालून मला शहरात नेलं. वाटेत मी ह्यांना म्हटलं, "माल वजन करून घ्या हो."

ते हसले नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

काय बंद, काय चालू

छातीला तारा लावून काढलेला कागद डॉक्टरीणबाईंनी उजेडाकडे धरला आणि पुन्हा धरला. मग रक्त घेतलं. संध्याकाळी नितीनला नि सूनबाईला, म्हणजे वर्षाला, बाजूला घेऊन सांगायला लागल्या. मी म्हटलं, "इथंच सांगा. शरीर माझं आहे."

"अम्मा, आपके खून में पोटॅशियम बहुत बढ गया है. एक क्षार होता है. सबके शरीर में थोडा लगता है, ज्यादा हो जाए तो दिल की धडकन बिगाडता है. किडनी उसको बाहर निकालती है, आपकी निकाल नहीं पा रही. और वो नई गोली भी उसको रोकके रखती है."

"मग ती गोळी वाईट होती?"

"गोली अच्छी थी. पानी उतारा ना उसने? पर हर दवा एक ही काम नहीं करती. एक काम हम करवाते हैं, दूसरा वो अपने मन से करती है. इसीलिए तो जाँच बोली थी."

मग त्यांनी विचारलं, "फल-वल खाती हो?"

"नाही जी. आमच्याकडे फळं कोण खातं?"

"अच्छा. फल, जूस, नारियल पानी, सब बंद."

आम्ही ते अगदी वेदवाक्य मानलं. माझी नणंद कमलताई बऱ्हाणपुरातच, सिंधीपुऱ्यात राहते. ती दुसऱ्याच दिवशी शहाळी घेऊन हजर झाली. नितीननं दारातच अडवलं.

"आत्या, नारळपाणी बंद आहे."

"अरे, आजाऱ्याला भेटायला मी काय रिकाम्या हातानं येऊ? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणू दे. आईच्या जिवाशी गाठ आहे."

शेवटी ती शहाळी ह्यांनी बाहेरच्या बाकावर बसून संपवली. कमलताई म्हणाली, "जावयासारखे प्या भाऊ, लाजू नका." मोसंबी आली ती परत गेली. डाळिंब आलं ते परत गेलं. कुणी सफरचंदं आणली, ती समोरच्या खाटेवरच्या बाईला दिली. इतकं कडक पथ्य आम्ही पाळलं.

दवाखान्याचा दिवस

दवाखान्यात वेळ जात नाही असं सगळे म्हणतात. मला उलटंच वाटलं. वेळ सारखा अंगावर येतो. सुई, बीपी, फडकं फिरवणारी बाई, डब्याची वाट, पुन्हा सुई. एक पूड पाण्यात कालवून द्यायचे, वाळू प्याल्यासारखी. अंगातला क्षार ओढून घेते म्हणे. मी खाटेवर बसे, उतरे, खिडकीशी जाई, परत येई. समोरची बाई म्हणाली, "वो माय, तुला बघून माझं डोकं गरगरतं."

गोळ्यांची वेळ झाली की वर्षा केळं सोलायची. एकेका तुकड्यात एकेक गोळी दाबायची आणि मी गिळून टाकायची. उरलेलंही मीच खायची. दवाखान्याजवळच्या खानावळीच्या डब्यातली भाजी मला जात नव्हती, मग भूक लागली की आणखी एक. खिडकीत घरच्या केळ्यांची फणी ठेवलेली असे. संपली की ह्यांनी दुसरी आणावी.

रिकाम्या वेळात माझं एकच टुमणं. "वर्षा, ही गोळी पोटात जाते, मग तिला कसं कळतं हृदयाकडे जायचं की पायाकडे?"

वर्षानं लग्नाआधी औषधांच्या दुकानाचा दोन वर्षांचा कोर्स केला होता, डी. फार्मसी. लग्न झालं, पोरं झाली, पुस्तकं माळ्यावर गेली. माझ्या प्रश्नांना कंटाळून तिनं त्यातलं एक पुस्तक घरून मागवलं. अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी. पहिलाच धडा होता, औषध शरीरात जातं कसं आणि निघतं कसं. मी चष्मा लावून अक्षर अक्षर लावत बसले. वर्षा हसली.

"आई, तुम्हाला पुस्तक कशाला? आपलं बागेतलं ठिबकच आहे ते. टाकीत खत घातलं की खताला ठाऊक असतं का कुठल्या झाडाला जायचं? ते सगळ्या नळ्यांतून सगळीकडे जातं. ज्या मुळाला हवं असतं ते घेतं. बाकीचं वाहून जातं."

"आणि जास्त झालं तर?"

"तर मुळं जळतात. म्हणून मात्रा. तेच खत, कमी घातलं तर काही होत नाही, बरोबर घातलं तर घड भरतो, जास्त घातलं तर झाड जातं."

मला ते इतकं पटलं की मी समोरच्या बाईलाही समजावून सांगितलं. तिला नको होतं, पण सांगितलं.

इंदूर

पोटॅशियमचा आकडा खाली आला. सगळ्यांनी हुश्श केलं. मग पुन्हा वर गेला.

नवी गोळी तर पहिल्याच दिवशी बंद केली होती. मी वर्षाला विचारलं, तर म्हणाली, "टाकी बंद केली तरी नळीत पाणी असतं ना? थोडा वेळ ठिबकत राहतं. आधी निम्मं, मग त्याच्या निम्मं. थांबा थोडं." आम्ही थांबलो. नळी कोरडी व्हायला हवी तेवढा वेळ गेला आणि आकडा तरीही वरच. आता डॉक्टरीणबाई हसून बोलेनात. म्हणाल्या, किडनी बसत चालली असावी. उद्या सकाळचा आकडा असाच राहिला तर इंदूरला पाठवते, डायलिसिस लागेल. एकदा की कायमचं, ते पुढे कळेल.

डायलिसिस. आमच्या गल्लीतला एक जण आठवड्यातून दोनदा त्यासाठी जायचा. येताना त्याचा चेहरा कसा असे ते मी पाहिलं होतं. मी खाटेवरून उतरले, दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. पाय चालत नव्हते तरी गेले. मनात एकच, मी आपल्या घरात परत जाईन ती घरातली म्हणून जाईन, की डायलिसिसच्या गाडीची वाट पाहणारी म्हणून?

व्हरांड्यात नितीन आणि वर्षाचं जुंपलं. दार लोटलेलं होतं, पण माझे कान शाबूत आहेत.

"आत्ताच नेऊ. उद्याची वाट कशाला?"

"डॉक्टर म्हणाल्या ना, सकाळी."

"डॉक्टर म्हणाल्या! तू डी. फार्मसी केलीस ना? मग तुला का नाही कळत काय होतंय? नुसती पुस्तकं वाचून दाखवतेस."

वर्षा आत आली, माझं पांघरूण सारखं केलं, जे सारखंच होतं. मला नितीनला हाक मारून दोन शब्द सुनवायचे होते. पण छातीत ठोका पडला आणि पुढचा यायला वेळ लागला, तेवढ्यात ते राहिलं.

खिडकीतली फणी

सकाळी रक्त नेलं. ह्यांनी पिशवी भरून ठेवली, कमलताई इंदूरला सोबत यायला लुगडं बदलून आली. गोळ्यांची वेळ झाली म्हणून वर्षानं केळं सोललं. एवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. एरवी त्या वेळेला त्या येत नाहीत. हातात कागद होता आणि तोंड उतरलेलं.

त्या बोलायला लागणार, तोच त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली.

"ये क्या कर रही हो?"

"गोळी घेते."

"केले में?"

"हो. मग कशात घ्यायची?"

"अम्मा! आपने तो कहा था फल नहीं खाती!"

"फळ कुठं? केळं आहे हे."

कमलताईनं माझी बाजू घेतली. "घरचंच आहे बाई, विकतचं नाही."

डॉक्टरीणबाईंनी खिडकीकडे पाहिलं. फणी होती, निम्मी संपलेली. त्या खाटेच्या कडेवर बसल्याच. "रोज कितने?"

"मोजतं कोण?" मी म्हटलं. आणि खरंच, आमच्या घरात केळं कधी कुणी मोजलं नाही. गाडीत भरताना मोजतात, खाताना नाही. फळ म्हणजे जे बाजारातून तोलून आणतात, आजाऱ्याला नेतात, लहान मुलांपुढे चिरून ठेवतात. केळं आमचं पीक. गहू खाता का असं कुणी विचारलं तर आम्ही फळ म्हणून सांगू का? आणि गोळी केळ्यात घालून गिळायची हे तर आमच्याकडे तान्ह्या पोरापासून चालत आलेलं. माझ्या आजीनं मला तसंच शिकवलं, मी नितीनला, वर्षानं तिच्या पोरांना.

"केले में पोटॅशियम होता है अम्मा. बहुत होता है. मैंने सोचा फल बोला तो केला आ ही गया." त्यांनी कपाळाला हात लावला. "बऱ्हाणपूर में बैठके मैंने केला नहीं बोला. गलती मेरी भी है."

तेव्हा आमचे हे पुढे आले. हे फार बोलणारे नाहीत. हळूच विचारलं, "मॅडम, पोटॅशियम म्हणजे आपलं पोटॅशच का? खताचं?"

"हाँ दादाजी, वही."

ह्यांनी फणीकडे पाहिलं. "ठिबकातून सोडतो मी ते. घड भरावा म्हणून. गोण्यांच्या गोण्या." आणि म्हणाले, "मग ते जाऊन जाऊन जाणार तरी कुठं?"

वर्षाच्या हातात अजून सोललेलं केळं होतं. ती म्हणाली, "मीच रोज सोलून देत होते." आणि तिनं नितीनकडे पाहिलं, की आता तू बोल काय बोलायचं ते. नितीन जमिनीकडे बघत होता. ह्यांच्या हाती फणी काढून द्यायचा तो स्वतःच.

मी म्हटलं, "वर्षा, इकडं ये. ह्या घरात केळ्याला फळ कोण म्हणालं होतं गं आजवर? तुझ्या पुस्तकात बऱ्हाणपूरची केळी कुठून असणार?"

ती माझ्या खांद्याला लागून रडली. डॉक्टरीणबाई उठल्या. "इंदौर की गाडी रोक देती हूँ. एक दिन देखते हैं. अम्मा, केला बंद. दिखना भी नहीं चाहिए."

कडू

आता पंचाईत झाली गोळी गिळायची. हसू नका. इतक्या वर्षांत मी गोळी नुसत्या पाण्याबरोबर गिळलीच नव्हती. पहिली घशात अडकली आणि विरघळली. तेव्हा कळलं, औषध कडू असतं. लोक तोंड वाकडं करतात ते मला नेहमी नाटक वाटायचं.

वर्षा म्हणाली, "मान खाली घाला, वर नाही. घोट आधी, गोळी मग." नितीन पेला धरून उभा. कमलताई म्हणे, "म्हशीला औषध पाजतात तसं नळीनं घालू का?" हसता हसता गोळी गेली.

तो दिवस मात्र काही केल्या सरेना. खिडकी रिकामी दिसत होती. दर थोड्या वेळानं मी छातीवर हात ठेवून ठोका मोजायची आणि विसरायची. दुपारी नितीन चहा घेऊन आला. पहिला कप त्यानं वर्षाला दिला. मला दिला नाही, ह्यांना दिला नाही, वर्षाला. ती कप घेऊन म्हणाली, "साखर कमी आहे." तो म्हणाला, "आणतो." एवढंच. आमच्या घरात माफी अशीच मागतात.

आकडा उतरला. दुसऱ्या दिवशी आणखी. मग तो उतरलेलाच राहिला. डॉक्टरीणबाई हसत आल्या आणि म्हणाल्या, किडनी जितनी कमजोर थी उतनी ही है, बैठी नहीं है. इंदूर नको. सांभाळून राहायचं, रक्त तपासत राहायचं, आणि ह्या वेळेला विसरायचं नाही. मी म्हटलं, "आता कटाई असो की लग्न, मी येते."

तुम्हाला एवढंच सांगते. माझं वाचून केळी खायची सोडू नका, नाहीतर आमचे हे माझ्यावर रागावतील. चांगल्या किडनीच्या माणसाला केळं चांगलंच. पण डॉक्टरांनी काय खाता विचारलं की जे तुमच्या घरी खाण्यात धरतच नाहीत, तेही सांगा. येता-जाता तोंडात टाकता ते, गोळीबरोबर घेता ते, अंगणातलं, रानातलं, काढ्यातलं. औषध एकटं पोटात जात नाही. आधीपासून कोण बसलंय त्याच्याशी त्याला जुळवून घ्यावं लागतं, आपण आणलेल्या सुनेसारखं.

टोपण

घरी आल्यावर ह्यांनी सत्यनारायण घातला. चौरंगाच्या चारी बाजूंना केळीचे खांब, पानांचे तुरे माझ्या डोक्यावर हलताहेत, आणि आत कढईत प्रसादाचा शिरा, त्यात कुस्करलेली केळी. माझी चुळबुळ सुरू. प्रसाद घेतला नाही तर देव रागावतो, कथेतच सांगतात. घेतला तर पुन्हा ती खाट. मी वर्षाला खुणेनं बोलावलं.

"विचारलंय मी," ती कुजबुजली. "मॅडम म्हणाल्या, थोडा चालेल. थाली नहीं, चम्मच."

"चमचा म्हणजे किती गं? कमलताईचा चमचा म्हणजे पळी असते."

कमलताईनं ऐकलं. "हो, माझ्याच नावानं खडे फोडा."

प्रसाद वाटायची वेळ आली. बायका ओळीनं बसल्या, द्रोण भरत गेले. माझ्यापुढे वर्षा आली. तिच्या हातात द्रोण नव्हता. पोरांच्या खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं ते प्लास्टिकचं टोपण असतं ना, रेघा मारलेलं, ते तिनं घासून, पुसून आणलं होतं. त्यात पहिल्या रेघेपर्यंत शिरा होता. त्याच्या वर जराही नाही.

"घ्या आई. मात्रा," ती म्हणाली.

सगळी ओळ हसली. मी टोपण कपाळाला लावलं आणि शिरा जिभेवर ठेवला. कितीतरी दिवसांनी केळ्याची चव आली. चावलं नाही, नुसता विरू दिला. मग वर्षानं दुसरा हात पुढे केला. त्यात माझी दुपारची गोळी होती, आणि पाण्याचा पेला. मी मान खाली घातली, घोट घेतला, गोळी टाकली.

गेली.

तेवढ्यात नितीन बाहेरून ओरडला, गाडी भरायला माणसं आली म्हणून. आणि मी, सांगू नये पण सांगते, सगळ्यांच्या आधी उठून उभी राहिले.